दापुरीचा चितारी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल खडकी सोडते, मुळेचा पूल ओलांडते आणि दापोडीला थांबते. कंपनी सरकारच्या कागदपत्रांत या गावाचे नाव ‘दापुरी’ असे पडले. पावसाळा सुरू झाला की मुंबईचा गव्हर्नर समुद्राची दमट हवा सोडून इथल्या बंगल्यात मुक्कामाला येई. बंगल्याला लागूनच मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पती-बाग होती. १८४७ ते १८५० या काळात एका चिताऱ्याने या बागेतली झाडे कागदावर उतरवली. त्याने जलरंगात रंगवलेली दीडशेहून अधिक चित्रे आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. ‘दापुरी चित्रे’ या नावाने ती ओळखली जातात. म्हणजे चित्रांना गावाचे नाव मिळाले, बागेच्या साहेबाचे नाव त्यांच्याशी जोडले गेले आणि ज्याने ती काढली त्याचे नाव मात्र कुठेच उरले नाही.

त्याच्याविषयी कळते ते एवढेच, की तो ‘पोर्तुगीज’ होता. त्या काळच्या मुंबईत इंग्रज हा शब्द फार सैल हाताने वापरत. गोव्याचा असो, साष्टीचा असो की वसईचा, पोर्तुगीज आडनाव लावणारा देशी ख्रिस्ती माणूस त्यांच्या लेखी पोर्तुगीजच. अभ्यासक आज त्याला इंडो-पोर्तुगीज चित्रकार म्हणतात.

त्याचे नाव का राहिले नाही, याचे एक उत्तर कुणाच्याही तोंडावर येईल : राज्य साहेबाचे, दप्तर साहेबाचे, तेव्हा चाकराचे नाव कोण लिहिणार? हे उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही. कारण त्याच वर्षांत, त्याच कंपनीच्या मद्रास इलाख्यात, दोन देशी चिताऱ्यांची नावे चित्रांखाली छापून जगभर जात होती. मद्रासेत जे झाले ते दापुरीत का झाले नाही, हे समजायचे तर आधी ही बाग, तिचा साहेब आणि त्या काळचा छापखाना असा फेरा घ्यावा लागेल.

फोर्डचा बंगला, माल्कमची बाग

दापुरीचा बंगला मुळात सरकारी नव्हता. तो बांधला कॅप्टन फोर्डने. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी कवायतीची जी पलटण उभी केली होती, तिचा हा सेनापती. पगार पेशव्यांचा आणि निष्ठा कंपनीची, अशी त्याची गत. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई पेटली, तेव्हा दापुरीहून निघालेली फोर्डची पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशवाई बुडाली आणि दापुरीचा बंगला उरला.

१८२७ मध्ये सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने हा बंगला गव्हर्नराच्या निवासासाठी घेतला आणि १८२८ मध्ये तिथे सरकारी वनस्पती-बाग सुरू केली. कलकत्त्याला अशी बाग १७८७ पासून होती. मुंबईने त्या मानाने उशीरच केला. या बागा हौसेच्या नव्हत्या. इंग्लंडहून येणारी औषधे महाग पडत, वाटेत खराब होत. ती इथेच पिकवता येतील का, बाहेरचा कापूस किंवा भाजीपाला इथल्या मातीत धरेल का, कोणत्या झाडाचे लाकूड गोदीला चालेल, हे पाहण्याच्या त्या सरकारी प्रयोगशाळा होत्या. वनस्पतिशास्त्र त्या हिशेबाच्या पाठीवर बसून आले.

सुरुवात चांगली झाली नाही. पहिला अधीक्षक विल्यमसन लवकरच मरण पावला. त्याच्यामागून डॉ. चार्ल्स लश याने काही वर्षे बाग सांभाळली. १८३८ मध्ये ती अलेक्झांडर गिब्सनकडे आली आणि तिला खरा माळी मिळाला.

लस टोचणारा साहेब

गिब्सनचा जन्म १८०० चा, स्कॉटलंडमधल्या लॉरेन्सकर्क या लहानशा गावचा. एडिंबरोला वैद्यकी शिकून १८२५ मध्ये तो कंपनीच्या मुंबई वैद्यकीय सेवेत लागला. हिंदुस्तानी, मराठी आणि गुजराती या भाषांशी त्याने ओळख करून घेतली. बागेवर येण्याआधी तो देवी काढणारा डॉक्टर म्हणून दख्खनमध्ये फिरला. या नोकरीत माणूस एका जागी बसत नाही. गावोगाव मुक्काम, पाटलाच्या चावडीवर पोरे जमा करायची, लस टोचायची आणि पुढच्या गावाला जायचे. घाटमाथा आणि मावळ असे पायाखालून गेले की झाडे ओळखीची होतात, आणि त्यांची इथली नावेही कानावर पडतात.

दापुरीखेरीज नारायणगावाजवळच्या हिवऱ्यालाही त्याच्या देखरेखीखाली बाग होती. तिथे औषधी झाडे लावून त्यांपासून काढलेली औषधे सरकारी दवाखान्यांना पुरवली जात. जुन्नरचा तो सगळा टापू गिब्सनच्या पायाखालचा झाला. एकीकडे नाणेघाट, दुसरीकडे हरिश्चंद्रगड. वनस्पतींचा शोध घेणाऱ्याला याहून चांगला शेजार कुठे मिळणार?

पण या भटकंतीत त्याला फुलांबरोबर आणखी एक गोष्ट दिसत होती. कोकणच्या खाड्यांलगतचे आणि घाटउतारांवरचे सागवान झपाट्याने चालले होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली जात आणि आरमाराची भूक मोठी होती. जंगल तुटले की ओढे आटतात, माती वाहून खाडीत बसते, असे गिब्सन सरकारला लिहीत राहिला. शेवटी मार्च १८४७ मध्ये सरकारने त्यालाच मुंबई इलाख्याचा जंगलांचा अधिकारी, म्हणजे कॉन्झर्व्हेटर, नेमले. हिंदुस्तानात इतरत्र असे जंगलखाते उभे राहायला अजून अवकाश होता. मद्रासेत ते १८५६ मध्ये आले.

या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. डोंगर भाजून त्या राखेवर नाचणी-वरी पिकवण्याची कुमरी शेती गिब्सनला जंगलाची वैरी वाटे आणि ती बंद व्हावी असे त्याचे मत होते. ज्यांचे पोट त्या नाचणी-वरीवर होते, त्यांना जंगलखात्याचा पहिला परिचय बंदीच्या रूपाने झाला. झाडांवर मनापासून प्रेम करणारा हा साहेब डोंगरातल्या माणसांच्या कोयत्यावर मात्र रागावलेलाच राहिला.

आणि नेमक्या याच १८४७ साली दापुरीची चित्रे सुरू झाली. एका हाताने गिब्सन जंगल राखण्याचे हुकूम लिहीत होता आणि दुसऱ्या हाताने त्याने एका चिताऱ्याला कामाला लावले होते.

वाळलेले पान पुरे का पडत नाही

चित्रच कशाला हवे होते? वनस्पतिशास्त्रज्ञाचे मुख्य हत्यार म्हणजे हर्बेरियम. फुलाफळासकट फांदी तोडायची, कागदांच्या घड्यांत दाबून वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवून ठेवायची. असा नमुना लंडनला, एडिंबरोला पाठवता येतो, दुसऱ्या नमुन्याशी ताडून पाहता येतो. पण त्यातून तीन गोष्टी हरवतात : रंग, घडण आणि टवटवी.

सह्याद्रीत तर ही अडचण दुप्पट. इथली बहुतेक रानफुले पावसाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा घाटात कागद कोरडा राहत नाही आणि दाबलेल्या नमुन्याला बुरशी लागते. तेरड्याची पाकळी दाबली की तिचे पाणी होते. ऑर्किड, आळूच्या आणि हळदीच्या कुळातल्या मांसल वनस्पती वाळवल्या की ओळखू येत नाहीत. कळलावीचे फूल आधी हिरवट पिवळे असते, मग नारिंगी आणि शेवटी लालभडक होते. पाकळ्या मागे वळून उभ्या राहतात, परागवाहिनी काटकोनात बाजूला मुरडते. हर्बेरियमच्या कागदावर या सगळ्याचा चुरगळलेला तपकिरी डाग होतो. चितारी मात्र एकाच वेलीवर कळी, पिवळे फूल आणि लाल फूल दाखवू शकतो.

चित्राला आणखी एक मुभा आहे. ते काळाची अट मोडू शकते. पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारा शेवळा घ्या. कोकणात आणि मावळात त्याची भाजी करतात. त्याचा फुलोरा आधी येतो आणि पान मागाहून. दोघांची गाठ पडत नाही. नमुना गोळा करणारा एका खेपेत एकच मिळवतो. चितारी जूनमध्ये फुलोरा रंगवून कागद बाजूला ठेवतो आणि पान आले की त्याच कागदावर ते काढतो. कारवीची गोष्ट याहून अवघड. सात वर्षांतून एकदा डोंगर निळाजांभळा करणारे हे झुडूप ज्या वर्षी फुलते त्या वर्षी गाठले नाही, तर पुढची सात वर्षे वाट पाहत बसायचे.

वनस्पतिचित्राचे नियमही ठरलेले होते. कागद कोराच ठेवायचा. मागे डोंगर नाही, आकाश नाही, जमिनीवर सावली नाही. फांदी शक्यतो खऱ्या मापात. पान एकदा वरून आणि एकदा पालथे, कारण खालची लव आणि शिरांची ठेवण यांवरून जात ओळखता येते. कागदाच्या तळाशी फूल उभे चिरून, पुंकेसर सुटे करून, बीजकोश आडवा कापून, भिंग लावून मोठे काढायचे. किडीने खाल्लेले पान आले तर ते खाल्लेलेच दाखवायचे की सुधारायचे? हे चित्र एका झाडाचे असते आणि त्या अख्ख्या जातीचेही असते. समोरच्या फांदीशी प्रामाणिक राहायचे आणि तिचे अपघाती वाकणे-मोडणे मात्र जातीच्या माथी मारायचे नाही, हा तोल चिताऱ्याने सांभाळायचा.

देशी चिताऱ्यांचा हात यासाठी तयार होता, पण वेगळ्या वळणाचा. पोथीतल्या, भिंतीवरच्या चित्रांत रंग घट्ट आणि अपारदर्शक लावायची सवय. विलायती जलरंग पातळ. कागदाचा पांढरेपणा आतून चमकला पाहिजे आणि एकावर एक पातळ हात देत पानाची गडद बाजू आणायची. कंपनीच्या नोकरीतल्या चिताऱ्यांनी हे शिकून घेतले, पण रेघेची धार आणि नक्षीची नजर सोडली नाही. त्यामुळे त्यांची पाने कधी कधी खऱ्याहून जास्त नेटकी दिसतात. एखाद्या शेल्याच्या काठावर बसावीत तशी.

दापुरीच्या बागेत परदेशांतून आणलेली झाडे होती आणि सह्याद्रीतून आणून लावलेलीही. आपल्या चिताऱ्याच्या कागदांवर दोन्ही आली. या वर्षांत बंगल्यात गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड आणि त्याची पत्नी अमेलिया मुक्कामाला येत. ती इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याची मुलगी, आणि लिहिती बाई. तिचे ‘चौ-चौ’ हे रोजनिशीवजा पुस्तक १८५७ मध्ये निघाले आणि पश्चिम हिंदुस्तानातले तिचे दिवस त्यातून वाचकांपुढे आले. त्याच आवारातले चिताऱ्याचे दिवस मात्र रंगांतच राहिले.

मद्रासेत काय झाले

आता मद्रासकडे वळू. तिथे देशी चिताऱ्यांकडून वनस्पती रंगवून घेण्याची रीत जुनी होती. विल्यम रॉक्सबर्गने अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावर तेलुगू मुलखातल्या चिताऱ्यांना हाताशी धरले. त्यांतली निवडक ३०० चित्रे ‘कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पती’ या तीन खंडांच्या ग्रंथात १७९५ पासून लंडनमध्ये ताम्रपटांवरून छापली गेली. चितारी निनावीच राहिले. तंजावरला मराठी राजा दुसरा सरफोजी भोसले यानेही आपल्या दरबारात वनस्पती आणि पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली. त्या मुलखात अशा कामाला सरावलेले हात होते.

रॉबर्ट वाइट १८१९ मध्ये मद्रासला आला. तोही स्कॉटलंडचा, तोही डॉक्टर. १८२६ मध्ये सरकारने त्याला निसर्गशास्त्रज्ञ नेमले आणि दोनच वर्षांत खर्च परवडत नाही म्हणून ते पदच रद्द केले. वाइटने नाद सोडला नाही. रंगय्या नावाचा चितारी त्याच्याजवळ होता. १८३१ मध्ये रजेवर गेलेला वाइट रंगय्याची चित्रे घेऊन ग्लासगोला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकरकडे पोहोचला आणि हूकरने त्यांतली काही आपल्या नियतकालिकात छापली. मद्रासला परतल्यावर वाइटने ठरवले, की चित्रे विलायतेला पाठवून तिथल्या कारागिरावर विसंबायचे नाही. इथेच, शिळाछापावर छापायची. १८३८ पासून ‘इकोनेस’ या ग्रंथाचे भाग निघू लागले. १८५३ पर्यंत सहा खंड झाले, चित्रपट २,१०१. रंगय्यानंतर हे काम गोविंदू या चिताऱ्याने पुढे नेले.

या चित्रपटांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे. चित्र काढले रंगय्याने, दगडावर उतरवले डम्फीने. छापखान्याचा हा शिरस्ता होता. मूळ चित्र कुणाचे आणि ते छापासाठी उतरवणारा कोण, हे दोन्ही कोपऱ्यांत लिहायचे. यात कुणाची उदारता शोधायला नको. कारागिरांच्या व्यवहारात ज्याचे काम त्याच्या नावावर टाकावे, इतकाच तो हिशेब. कलकत्त्याच्या बागेतल्या वॉलिचच्या १८३० ते १८३२ मध्ये निघालेल्या ग्रंथातही विष्णुप्रसाद आणि गोराचंद या चिताऱ्यांची नावे अशीच चित्रांखाली आली.

म्हणजे ज्या काळात आणि ज्या छपाईत हा शिरस्ता पाळला गेला, तिथे चिताऱ्याचे नाव वाचले. जिथे चित्र छापलेच गेले नाही, तिथे त्या ओळीला जागाच उरली नाही.

मुंबईत दगड होता, चित्र गेले नाही

मग मुंबईत शिळाछाप नव्हता का? होता, आणि चांगला होता. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेस घालून मराठी पंचांग छापले होते. दापुरीची चित्रे सुरू झाली तोवर मुंबईच्या दगडांवर पोथ्या, पंचांगे, शाळेची पुस्तके निघत होती. दगड होता, शाई होती, माणसे होती.

वनस्पतींवरची पुस्तकेही निघत होती. मुंबईच्या टपालखात्यातला जॉन ग्रॅहॅम याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. छपाई पुरी व्हायच्या आतच १८३९ मध्ये तो खंडाळ्याला वारला आणि त्याचा मित्र जोसेफ निमो याने ती पूर्ण केली. कस्टम्समधला निकल डॅल्झेल आणि स्वतः गिब्सन यांनी मिळून लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापला गेला. सह्याद्रीच्या वनस्पतींचा पुढचा सगळा अभ्यास या पुस्तकाच्या खांद्यावर उभा आहे. पण या दोन्ही पुस्तकांत चित्र नाही. नावे, वर्णने, कुठे सापडते, कधी फुलते, आणि एवढेच.

वाइटच्या मागे चित्रांचे वेड होते आणि ते छापण्यासाठी त्याने आयुष्याची पंधरा वर्षे घातली. गिब्सनचे वेड जंगल होते. घाटातले तोडीचे हिशेब, परवाने, अहवाल यांत तो १८६० मध्ये निवृत्त होईपर्यंत गुंतलेला राहिला. दापुरीची चित्रे ना मुंबईच्या दगडावर चढली, ना लंडनच्या. ती एडिंबरोला गेली आणि पेटीत बंद झाली. चिताऱ्याचे नाव मुद्दाम पुसावे लागलेच नाही. ते लिहिण्याची वेळच आली नाही.

असाच एक निनावी सोबती दापुरीच्या चिताऱ्याला शिमोग्यात होता. ह्यू क्लेगहॉर्न हा मद्रास सेवेतला डॉक्टर १८४० च्या दशकाच्या मध्यास तिथे नेमणुकीवर होता. रोज एक वनस्पती घेऊन पाव तास तिचा अभ्यास करावा, असा सल्ला त्याला विल्यम हूकरने दिला होता. तो त्याने पाळला आणि ती झाडे रंगवायला एक चितारी ठेवला. तो चितारी मराठी होता, असे क्लेगहॉर्नच्या नोंदींतून कळते. पुढे मद्रासेत क्लेगहॉर्नचे काम गोविंदूने केले, त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. शिमोग्याचा मराठी माणूस ‘मराठी’ एवढाच राहिला, जसा दापुरीचा ‘पोर्तुगीज’ एवढाच.

फुलांना दिलेली नावे

वनस्पतिशास्त्रात नाव देणे हा मोठा मान. नवी प्रजाती सापडली की शास्त्रज्ञ मित्राचे, आश्रयदात्याचे, वरिष्ठाचे नाव लॅटिनमध्ये वळवून तिला देतो. सह्याद्रीच्या सड्यांवर उमलणाऱ्या एका पांढऱ्या ऑर्किडच्या नावात गिब्सन आहे : हॅबेनेरिया गिब्सोनी. घाटातल्या वाहत्या ओढ्यांच्या खडकांना शेवाळासारखी चिकटून राहणाऱ्या एका वनस्पतीला वाइटने डॅल्झेलचे नाव दिले : डॅल्झेलिया. शिवनेरी आणि परिसरातल्या कड्यांवर मिळणाऱ्या, पाच टोकांच्या तांबड्या चांदणीसारख्या फुलाला डॅल्झेलने गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या सन्मानार्थ फ्रेरिया म्हटले. मराठीत आपण त्याला शिवसुमन म्हणतो.

या मानाच्या पंक्तीत एका चिताऱ्यालाही पान मिळाले. १८५३ मध्ये, ‘इकोनेस’च्या शेवटच्या खंडात, वाइटने ऑर्किडच्या एका नव्या प्रवर्गाला नाव दिले : गोविंदूइया. ज्याच्या हाताने ग्रंथातली चित्रे झाली, त्याच्या ऋणाची ही पावती. पण नंतरच्या अभ्यासात ते ऑर्किड आधीच नाव दिलेल्या ट्रॉपिडिया या प्रवर्गातले ठरले आणि नियमाप्रमाणे जुने नाव राहून नवे बाद झाले. पुढे फ्रेरियाचा प्रवर्गही मोडला. पण ते फूल दुसऱ्या प्रवर्गात गेले तेव्हा त्याला ‘फ्रेरी’ हे प्रजातीचे नाव देण्यात आले, म्हणून गव्हर्नर अजून शिवसुमनात आहे. गोविंदू आता फक्त रद्द झालेल्या नावांच्या यादीत सापडतो. यात कुणाचा डाव नाही, नियमच तसा आहे. तरी वाचताना चुटपुट लागते.

या सगळ्यांच्या दीडशे वर्षे आधीचे एक उदाहरण मात्र वेगळे आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ केला. १६७८ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ चे निवेदन छापलेले आहे, तेही त्यांच्याच हाताच्या नागरी अक्षरात. आपण काय सांगितले याची ग्वाही त्यांनी स्वतः लिहून दिली, खाली नावे घातली आणि ॲमस्टरडॅमच्या छापखान्याने ती अक्षरे जशीच्या तशी खोदून घेतली. आज साडेतीनशे वर्षांनीही त्यांची नावे कुणाच्या कृपेवर अवलंबून नाहीत.

गाव आणि चित्र

गिब्सन १८६७ मध्ये स्कॉटलंडमध्ये वारला. त्या सुमारास दापुरीचेही दिवस संपत आले होते. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत गणेशखिंडीत गव्हर्नरासाठी नवे घर बांधायला घेतले. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. बागही तिकडे गेली आणि १८७३ च्या सुमारास गणेशखिंडीची वनस्पती-बाग उभी राहिली. दापुरीचा पसारा मोडला.

चित्रे एडिंबरोच्या संग्रहात पडून राहिली. तिथल्याच बागेतले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी त्यांचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये दापुरी चित्रांवरचे, गिब्सन आणि मुंबई इलाख्याच्या बागांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. पाच वर्षांनी त्यांनी वाइट, रंगय्या आणि गोविंदू यांच्यावर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या दोन पुस्तकांच्या शीर्षकांतच सगळी गोष्ट आली आहे. मद्रासच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन चिताऱ्यांची नावे आहेत. दापुरीच्या पुस्तकावर गाव आहे, साहेब आहे, बागा आहेत.

छापायची राहून गेलेली ती चित्रे अखेर छापली गेली, दीडशे वर्षांनी आणि परदेशात. तळाशी नाव लिहायला जागा झाली, पण तोवर लिहायला नाव उरले नव्हते.

आता लोकलने दापोडीला उतरलात तर फलाटावरच्या पाटीवर ‘दापुरी’ कुठे दिसत नाही. इंग्रजांनी आपल्या जिभेसाठी घडवलेले ते नाव नकाशातून गेले, लोकांच्या तोंडी तर ते कधी नव्हतेच. ते आता ठळकपणे उरले आहे एडिंबरोतल्या त्या दीडशेहून अधिक कागदांसाठी. ज्या माणसाला स्वतःचे नाव मागे ठेवता आले नाही, त्याच्या कुंचल्याने त्या बागेचे नाव तेवढे टिकवले.